दार ते दार, त्रेचाळीस तास तीस मिनिटं

पुण्याहून शिकागो किती लांब आहे, या प्रश्नाची आमच्या ऑफिसात दोन उत्तरं मिळायची. दारातून आत आलं की उजवीकडे मालकांचं टेबल होतं. तिथं उत्तर मिळायचं, "वीस तास. रात्री बसलात की झोपून उठेपर्यंत अमेरिका." डावीकडे भिंतीला लागून दुसरं टेबल होतं. तिथले गृहस्थ आधी विचारायचे, "पुण्यात कुठे राहता?" माणूस म्हणायचा, कोथरूड. "कोथरूडमध्ये कुठे? कितवा मजला? लिफ्ट आहे का?" एवढं सगळं विचारून, कागदावर काहीतरी मांडून ते सांगायचे, "चौतीस तास वीस मिनिटं."

गिऱ्हाईक अर्थातच उजवीकडे जाऊन बसायचं.

डेक्कनवरच्या त्या विमान-तिकिटांच्या ऑफिसात मी बी. कॉम. झाल्या झाल्या लागले. धायरीहून बसने यायचे. धायरी तेव्हा अजून बरीचशी गावच होती आणि आमच्या आळीत विमानाचं तिकीट कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मला घेतलं होतं कॉम्प्युटरवर बसायला. पहिल्या दिवशी मी या गृहस्थांना 'काका' म्हटलं. ते म्हणाले, "मी आपल्या वडिलांचा भाऊ नाही." दुसऱ्या दिवशी 'सर' म्हटलं. म्हणाले, "मी शिकवत नाही." तिसऱ्या दिवसापासून मी त्यांना नुसतं 'अहो' म्हणायला लागले. त्यावर त्यांची हरकत आली नाही. सात वर्षं मी त्यांना अहो म्हणत होते. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला घरी एकदा विचारूनही घेतलं, की हे अहो नक्की कोण?

ते खडकीचे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते, हे स्वतः पिंपरीच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला होते. कामगार आत किती वाजता आला, बाहेर किती वाजता गेला, हे लिहिण्याचं काम. ती कंपनी बंद पडली तेव्हा ते मालकांकडे आले. बुद्धपौर्णिमेला ते रजा घ्यायचे, बाकी वर्षभर नाही. मालकांनी एकदा हौसेनं प्रत्येक कॉम्प्युटरवर गणपतीचं स्टिकर लावलं. यांनी आपल्यावरचं हलकेच सोडवलं आणि मालकांच्या टेबलावर नेऊन चिकटवलं. "आपल्याकडे जास्त गरज आहे," म्हणाले. मालकांनी पुढे त्यांना दिवाळीला मिठाई दिली, स्टिकर दिलं नाही.

प्रत्येक प्रवाशासाठी ते एक पांढरं कार्ड भरायचे. वर लिहायचे, 'दार ते दार'. घराला कुलूप लावण्यापासून सुरुवात. मुंबईपर्यंतची गाडी, घाट, विमानतळावरची रांग, विमान, मधलं शहर, दुसरं विमान, तिकडची रांग, तिकडची गाडी, आणि शेवटी 'बूट काढणे'. माणूस बूट काढून बसला की तो पोचला, त्याआधी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निरोपालासुद्धा त्यांनी वेळ धरलेला असायचा. पहिली खेप असेल तर चाळीस मिनिटं, दुसरीला पंधरा, तिसरीला काही नाही.

"तिसऱ्या वेळी घरचे बाहेर येतात का?" मी विचारलं होतं.

"येतात. पण गाडीत बसल्या बसल्या त्यांना आठवतं की गॅसवर दूध आहे."

त्या वर्षांत पुण्यात घराआड एक मुलगा अमेरिकेला निघालेला असायचा. दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी भीती तिकडे पसरली होती आणि ते बंद पडू नयेत म्हणून आपल्याकडची मुलं चालली होती. आमच्या ऑफिसात बसायला जागा नसे. आईवडील, आजोबा, एखादी मावशी आणि मधोमध तो मुलगा, नवीन जॅकेट मे महिन्यात घालून. सगळे मालकांच्या टेबलाभोवती. आणि डावीकडे हे, समोर रिकामी खुर्ची, टेबलावर पृथ्वीचा गोल आणि दोऱ्याचं रीळ.

गोल त्यांनी स्वतः आणला होता. एक निवृत्त हेडमास्तर मुलाच्या तिकिटासाठी आले होते. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला जाणार होता. बोलता बोलता मास्तर म्हणाले, "अमेरिका म्हणजे पश्चिमेला, शेवटपर्यंत."

"सॅन फ्रान्सिस्को उत्तरेला आहे," हे आपल्या टेबलावरून म्हणाले.

"मी चौतीस वर्षं भूगोल शिकवलाय."

"मग दोरा आपणच लावा."

मास्तरांनी मुंबईवर अंगठा दाबला आणि दोरा अरबस्तानावरून, आफ्रिकेवरून, अटलांटिकवरून ओढत नेला. दोन विती भरला. मग यांनी तोच दोरा मुंबईहून सरळ वर, उत्तर ध्रुवाच्या कडेनं पलीकडे उतरवला. दीड वीत. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा मोजलं. दीडच वीत.

"मग विमान असं का जात नाही?" त्यांनी विचारलं.

"ध्रुवावर उतरून चहा विकता येत नाही."

मास्तर उठून गेले. तिकीट न्यायला त्यांनी संध्याकाळी बायकोला पाठवलं.

ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते. मालक हे गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "टाइम ऑफिसात असताना मी मशिनही कधी चालवलं नव्हतं," म्हणायचे.

ते नेहमीच बरोबर असत असंही नाही. एका सॉफ्टवेअर कंपनीचं मोठं काम आमच्याकडे होतं. तिथला तरुण अधिकारी सहा इंजिनियरांची तिकिटं घ्यायला आला. त्याला फ्रँकफर्टला पन्नास मिनिटांत कनेक्टिंग फ्लाइट हवी होती. सोमवारी सकाळी नऊला माणसं शिकागोच्या ऑफिसात बसलेली पाहिजेत, असं त्याचं म्हणणं.

हे म्हणाले, "मिळणार नाही. पन्नास मिनिटांत डेक्कनवरून मंडईत जाऊन कोथिंबीर आणता येत नाही."

"सर, ते फ्रँकफर्ट आहे. वर्ल्ड क्लास एअरपोर्ट आहे."

"म्हणूनच. मंडई लहान आहे."

मालकांनी घाम पुसत ते काम माझ्याकडे दिलं आणि मी ती तिकिटं काढली. मंगळवारी त्या अधिकाऱ्याचा फोन आला, सहाही जण वेळेवर पोचले. मालकांनी फोन ठेवून ऑफिसभर ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगितलं.

"धावले असतील," हे मान वर न करता म्हणाले. "सामान?"

सामान शुक्रवारी पोचलं. तोपर्यंत सहा इंजिनियर शिकागोच्या जानेवारीत पुण्याहून घालून गेलेल्या कपड्यांवर दिवस काढत होते. कंपनीनं आमच्याकडचं काम बंद केलं नाही, पण पुढच्या वेळी त्यांचा माणूस आला तो मुकाट डावीकडच्या खुर्चीत बसला.

पुढे लोकांच्या घरी कॉम्प्युटर आले आणि लोक आपापली तिकिटं आपणच काढायला लागले. त्याच्या आधीच हे निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी मालकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. त्यांनी ते तिथंच आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं पुढे आहे." भाषण तेवढंच झालं. ऑफिसच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

हे सगळं मी लोकांना सांगते तेव्हा लोक हसतात. मीही हसते. पण त्यांच्याबद्दल सांगायची खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगताना मला हसता येत नाही.

डिसेंबरातला मंगळवार होता, सकाळचे दहा. मी नुकता कॉम्प्युटर चालू केला होता. एक बाई आत आली, पस्तिशीची असेल. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. येरवड्याच्या एका शाळेत शिक्षिका आहे, म्हणाली. तिची आई हॉस्पिटलमध्ये होती, हृदय थकलेलं. सकाळी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की उद्याचा दिवस निघाला तरी खूप झालं. भाऊ अमेरिकेत, मिनियापोलिसला.

"किती तासांत पोचेल तो?" तिनं विचारलं.

मालक खुर्चीतून उठले. ते मनानं चांगलेच होते. "ताई, काळजी करू नका. बावीस तास. आत्ता निघाला की उद्या सकाळी आईजवळ."

बाईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तेवढ्यात डावीकडून आवाज आला, "परवा सकाळी साडेपाच. त्रेचाळीस तास तीस मिनिटं."

मालकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी स्क्रीनमध्ये तोंड घातलं.

"ते तर बावीस म्हणाले," बाई म्हणाली.

"ते विमानाचे. आपला भाऊ विमानात नाही, घरी आहे. तिकडे सोमवारची रात्र आहे, साडेदहा. आजचं विमान गेलं. पुढचं तिकडच्या मंगळवारी दुपारी तीनला, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर अडीचला. ते ॲमस्टरडॅमला येतं. तिथून मुंबई, बुधवारी रात्री बारा. तपासणी, सामान, घाट."

"दुसरा काही मार्ग असेल ना?"

"तीन पाहिले. एक सकाळी लवकर निघतो, पण लंडनला अडकतो आणि मुंबईला याच्यानंतर पोचतो."

"थोडं तरी कमी करा हो," ती म्हणाली. एखाद्या दुकानदाराला म्हणावं तसं. मग तिला स्वतःचंच ऐकू आलं असावं. ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. "दगड आहात तुम्ही," रडता रडता म्हणाली.

त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "आई शुद्धीवर आहेत?"

"आहेत. बोलतात, हळू."

"वॉर्डात फोन आहे?"

"नर्सच्या टेबलावर. आईच्या पलंगापर्यंत वायर पोचत नाही."

ते उठले, मालकांच्या टेबलाशी गेले आणि हात पुढे केला. मालकांनी तेव्हा नवीनच मोबाइल घेतला होता, वर अँटेना ओढायचा. ते तो कुणाला हातात देत नसत. या वेळी त्यांनी लगेच काढून दिला. यांनी तो माझ्यापुढे धरला. "मला हे चालवता येत नाही. चला."

सात वर्षांत ते दुपारी एकच्या आत खुर्चीवरून उठलेले मी तेव्हाच पाहिले.

रिक्षात आम्ही तिघं. मध्ये ती बाई, एका कडेला मी मोबाइल दोन्ही हातांत धरून, दुसऱ्या कडेला हे, मांडीवर पांढरं कार्ड. वाटेत मी भावाला फोन लावला, तो जागाच होता. त्याला हा नंबर दिला आणि तिकीट कुठलं काढतोय ते यांनी समजावलं. आम्ही एक रिंग देऊन कट केलं की तू या नंबरवर फोन कर, असं बहिणीनं त्याला सांगितलं.

आई लहानखुरी होती. नाकाला नळी, पण केस नीट विंचरलेले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती तीस वर्षं, असं मुलीनं जिन्यात सांगितलं होतं. मुलगी पलंगावर वाकून म्हणाली, "आई, दादा निघतोय. उद्या सकाळी पोचेल. तोवर फोनवर बोल."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या यांच्याकडे. "हे कोण?"

"तिकीट काढून देणारे."

"तिकडे आत्ता रात्र असेल ना?" आईनं यांना विचारलं.

"हो. साडेअकरा होत आले."

"मग उद्या सकाळी कसा येईल?"

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांनी, ओठांनी, सगळ्या चेहऱ्यानं ती त्यांना एकच गोष्ट सांगत होती. माझ्या लक्षात आली, म्हणजे त्यांच्याही आली असणार.

"परवा," ते म्हणाले. "गुरुवारी सकाळी साडेपाच."

मुलीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. आई छताकडे बघत राहिली. दोनदा श्वास घेतला. मग म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी नीट सांगितलं. लावा फोन."

मी एक रिंग देऊन कट केलं आणि लगेच भावाचा फोन आला. मी मोबाइल आईच्या हातात दिला. "ह्याची वायर कुठाय?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कानाला लावला.

"ऐक," ती म्हणाली. "मध्ये बोलू नकोस, मला दम लागतो. तू परवा येतोयस. मी तेव्हा असेन असं नाही. असले तर परत बोलू. नसले तर हे बोलून झालेलं असू दे." मग थांबून, "रडायचं ते नंतर रड, लाइन चालू आहे." मग तिनं त्याला काय काय सांगितलं. बहिणीशी भांडायचं नाही. बाबांची पुस्तकं कुणाला देऊ नकोस, तूच वाच. विमानतळावर जाताना मित्राला गाडी हळू चालवायला सांग, बर्फ असेल. त्यानंतर ती बराच वेळ नुसती ऐकत होती. तो काय बोलत होता ते आम्हाला कळलं नाही. ती मधून मधून म्हणत होती, "हो. येतंय ऐकू. हो."

हे दारात पाठ करून उभे होते, कॉरिडॉरकडे तोंड करून. परत येताना मी त्यांना विचारलं, किती वेळ बोलल्या हो त्या?

"बघितलं नाही," ते म्हणाले.

निघताना मुलीनं त्यांना जिन्यात गाठलं होतं. "एकदा खोटं बोलता आलं नसतं तुम्हाला?"

"आलं असतं," ते म्हणाले. "मग आईंनी हे बोलणं उद्यावर ठेवलं असतं."

तिनं त्यांचे आभार वगैरे मानले नाहीत. परत वॉर्डात गेली.

आई बुधवारी दुपारी चारला गेली. मुलगा तेव्हा विमानात होता. गुरुवारी मुलीचा ऑफिसात फोन आला, मी घेतला. भाऊ सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी पोचला होता. मी हे त्यांना सांगितलं.

"पन्नास मिनिटं," ते म्हणाले.

"घाटात ट्रक बंद पडला होता म्हणे."

"घाटाला मी वीसच जास्त धरली होती."

मालक माझ्याकडे बघून मान हलवत राहिले, की काय हा माणूस. त्या दिवशी यांनी एकही कार्ड भरलं नाही. जो आला त्याला नुसतं तिकीट दिलं.

तीन आठवड्यांनी तो मुलगा परतीच्या तिकिटासाठी आला. डोक्यावर केस नुकते उगवत होते. तो डावीकडच्या खुर्चीत बसला. यांनी विचारलेल्याची उत्तरं दिली. कार्ड तयार झालं तरी तो उठेना.

"दिवाळीत यायचं ठरलं होतं माझं," तो म्हणाला. "रजाही मंजूर होती. म्हटलं, एवढं काम संपवून निवांत जाऊ." मग टेबलावरच्या गोलाकडे बघत म्हणाला, "इतक्या लांब गेलोच नसतो तर पोचलो असतो हो मी."

मला वाटलं, आता हे काहीतरी खोचक बोलणार. मी उठून पाणी आणायला निघाले होते, ती थांबले.

"माझी आई खडकीला होती," ते म्हणाले. "आणि मी इथं, याच खुर्चीत. सायकलवर पंचवीस मिनिटं. शेजाऱ्यांचा फोन आला, ताबडतोब या. समोर एक गृहस्थ बसले होते. त्यांचं लंडनचं तिकीट अर्धं झालं होतं. म्हटलं, तेवढं पुरं करून निघू."

मुलानं गोलावरून नजर उचलली. मालकांनीही पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

"मग?" मुलानं विचारलं.

त्यांनी कार्ड तिकिटात घातलं, तिकीट पाकिटात घातलं आणि पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

"ते गृहस्थ वेळेवर पोचले," ते म्हणाले.